स्कोअर शून्य आला म्हणजे सुटलो का?

२०२५च्या जून-जुलैत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून तरुण माणसं हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेबाहेर काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या तपासणीसाठी रांगा लागल्या. आपल्याकडेही वेगळं चित्र नाही. जिममध्ये किंवा क्रिकेट खेळताना कोसळलेल्या कुणाचा तरी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतो आणि पाठोपाठ हेल्थ चेकअपच्या पॅकेजची जाहिरात येते. त्या यादीत हल्ली एक नाव हमखास दिसतं: कोरोनरी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम सीटी स्कॅनने मोजायची तपासणी. सुई नाही, उपाशी राहणं नाही, दहा मिनिटांत मोकळे आणि हातात एक आकडा.

तपासणी चांगली आहे, पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर नीट देते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही यावर माणूस आणि त्याचा डॉक्टर अडले असतील, तर हा आकडा तो निर्णय पुष्कळ सोपा करतो. ‘मला ब्लॉकेज आहे का?’ किंवा ‘मला अटॅक येणार नाही ना?’ असं विचारायला गेलात, तर मात्र तो फसवू शकतो. का, ते समजायला धमनीच्या भिंतीपासून सुरुवात करावी लागेल.

धमनीत कॅल्शियम येतं कुठून?

गिझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात, तसं रक्तातलं कॅल्शियम नळीत आतून बसत जातं, असं बरेच जण समजतात. त्यातून ‘मग दूध बंद करू का?’ हा प्रश्न येतो. ही उपमा डोक्यातून काढून टाका. कॅल्शियम नळीच्या पोकळीत नसतं, भिंतीच्या आत असतं. ते जेवणातल्या कॅल्शियममुळे येत नाही. दूध, नाचणी, तीळ यांचा इथे दोष नाही. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या खरंच लागतात का, हे डॉक्टरांना विचारा, पण या स्कोअरच्या धसक्याने परस्पर बंद करू नका.

त्यापेक्षा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत डोळ्यांसमोर आणा. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याचे कण धमनीच्या अस्तरातून आत झिरपतात. ते उचलायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. असा चरबीचा आणि मेलेल्या पेशींचा गोळा भिंतीत तयार होतो. त्याला प्लाक म्हणतात. ही झाली ओल. पुढे काही वर्षांत शरीर त्या जागेची डागडुजी करायला लागतं आणि तिथे हाडात असतो तोच कॅल्शियम फॉस्फेटचा पदार्थ जमतो. ओल सुकल्यावर भिंतीवर पांढरा डाग राहावा, तसं.

स्कॅनला हा डाग दिसतो, ओल दिसत नाही. साधारण हिशेबाने कॅल्शियम हा एकूण प्लाकचा पाचवा हिस्सा असतो. डाग जितके जास्त तितकी भिंत आजवर जास्त झिरपली, आणि जिथे इतकं झिरपलं तिथे ताजी ओलही असणारच, असा हा अंदाज आहे. अटॅक बहुतेकदा त्या ताज्या, मऊ प्लाकला तडा जाऊन त्यावर रक्ताची गुठळी बसल्याने येतो. म्हणजे पकडला जातो तो डाग खुद्द गुन्हेगार नाही, पण गुन्हेगार कुठे कुठे हिंडला हे दाखवणारे त्याचे ठसे आहेत.

आकडा तयार होतो कसा?

कोविडच्या काळात ‘एचआरसीटी स्कोअर २५ पैकी किती?’ हे घराघरात विचारलं जायचं. हा स्कोअर तसा नाही. याला ‘पैकी’ नाही. तो शून्यापासून सुरू होतो आणि काही हजारांपर्यंतही जातो.

मोजायची पद्धत १९९० साली आर्थर अ‍ॅगटस्टन आणि वॉरेन जॅनोविट्झ यांनी मांडली. म्हणून रिपोर्टवर ‘अ‍ॅगटस्टन स्कोअर’ असं लिहिलेलं असतं. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा मिळतो. त्याचं एकक हाउन्सफील्ड. पाणी शून्यावर, हवा उणे १०००वर, हाडं शेकड्यांत. धमनीच्या जागी १३० किंवा त्याहून जास्त घनतेचा, निदान १ चौरस मिलिमीटरचा ठिपका दिसला तर तो कॅल्शियम धरायचा. मग त्याच्या सर्वाधिक घनतेवरून गुणक ठरतो: १३० ते १९९ असेल तर १, दोनशेच्या घरात २, तीनशेच्या घरात ३, आणि ४०० किंवा वर गेली की ४. क्षेत्रफळ गुणिले गुणक, आणि ३ मिलिमीटरच्या प्रत्येक कापातली ही बेरीज करत जायची.

समजा एका कापात ४ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे, कमाल घनता २५०. चार दुणे आठ. त्याच्या खालच्या कापात तोच डाग ६ चौरस मिलिमीटरचा, कमाल घनता ४०५. सहा चोक चोवीस. एकूण ३२. आता स्कॅन चालू असताना हृदय जरासं हललं आणि दुसऱ्या कापातली घनता ४०५ऐवजी ३९५ भरली, तर गुणक ४चा ३ होतो, चोवीसचे अठरा होतात आणि स्कोअर २६वर येतो. धमनी तीच, माणूस तोच. म्हणून गेल्या खेपेला २६ आणि या खेपेला ३२ आले तर ‘सहाने वाढलं’ म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. ३२चे ३२० झाले तर गोष्ट वेगळी.

सेंटरवर काय होतं, आणि चुकतं कुठे

नावनोंदणी करतानाच ‘प्लेन, ईसीजी-गेटेड कॅल्शियम स्कोअरिंग’ असं स्पष्ट सांगा. ‘हार्टचा सीटी’ एवढंच म्हटलं तर सीटी अँजिओग्राफीची फाइल तयार होऊ शकते. तिच्यात शिरेतून डाय देतात, किरणोत्सर्ग जास्त, बिलही मोठं. कॅल्शियम स्कोअरला डाय लागत नाही. कुणी हाताला सुई लावायला आलं तर थांबवून विचारा.

आदल्या चार तासांत चहा, कॉफी आणि सिगारेट नको, कारण नाडी वाढते. ठोके मिनिटाला सत्तरच्या खाली असले तर चित्र स्वच्छ येतं. छातीवर ईसीजीचे पॅच लावतात. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी हृदय जवळजवळ स्थिर असतं, तेवढाच क्षण मशीन टिपतं. हेच ते गेटिंग. हात डोक्यावर घेऊन उताणं झोपायचं, सांगितल्यावर काही सेकंद श्वास रोखायचा. एवढंच. श्वास सुटला तर निमूट राहू नका, लगेच सांगा, पुन्हा घेता येतं.

चुका ठरलेल्या जागी होतात. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनसारखा त्रास असेल, तर डाग फाटल्यासारखे दिसतात. मायट्रल झडपेच्या कडेचं कॅल्शियम शेजारून जाणाऱ्या सर्कमफ्लेक्स धमनीच्या खात्यात जमा होऊ शकतं. महाधमनीच्या भिंतीतला डाग धमनीच्या तोंडाशी असला की कुणाचा धरायचा हा घोळ होतो. मशीनचा व्होल्टेज ठरलेल्या १२० किलोव्होल्टऐवजी १०० ठेवला तर कॅल्शियम आहे त्याहून घन दिसतं आणि स्कोअर फुगतो. रिपोर्टमध्ये फक्त एकूण आकडा नको, चारही धमन्यांचे वेगवेगळे आकडे हवेत: लेफ्ट मेन (डावीकडची मूळ धमनी), तिच्या दोन फांद्या एलएडी आणि सर्कमफ्लेक्स, आणि उजवी. एकाच जागी साचलेल्या १२०पेक्षा तीन धमन्यांत पसरलेले १२० जास्त काळजीचे, आणि लेफ्ट मेनमधले तर नक्कीच.

स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी हा स्कॅन करूच नये. स्टेंटचा धातू आकड्यात घोळ घालतो, आणि मुळात त्यांचा आजार सिद्धच झालेला आहे. त्यांच्या गोळ्यांचा निर्णय या आकड्यावर अडलेला नसतो.

आकडा वाचायचा कसा?

शून्य म्हणजे दिसण्याजोगं कॅल्शियम नाही. १ ते ९९ सौम्य, १०० ते ३९९ मध्यम, ४०० आणि वर म्हणजे भरपूर. काही सेंटर वरची रेघ ३००वर मारतात. हजाराच्या पुढचा माणूस, त्रास नसला तरी, एक अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या जवळपास जोखमीत धरावा लागतो.

या रेघांना वजन आलं ते अमेरिकेतल्या मेसा नावाच्या अभ्यासामुळे. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे, हृदयविकार नसलेले ६८१४ लोक होते. त्यातल्या साधारण निम्म्यांचा स्कोअर शून्य होता. २००८ साली आलेले निष्कर्ष असे: वय, बीपी, साखर, सिगारेट वगैरे सगळं हिशेबात धरूनही शून्यवाल्यांच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअरवाल्यांची हृदयविकाराच्या घटनेची जोखीम साडेसात पटींहून अधिक, आणि ३००च्या वर साडेनऊ पटींहून अधिक. दहा वर्षांचा हिशेब २०१८ साली आला. वय, लिंग आणि वंश यांच्या वेगवेगळ्या गटांत शून्य स्कोअरवाल्या १०० जणांतल्या सुमारे १ ते ६ जणांना हृदयाची किंवा पक्षाघाताची घटना झाली. ३००च्या वर असलेल्या १०० जणांतल्या सुमारे १३ ते २६ जणांना.

नुसत्या आकड्याइतकाच पर्सेंटाइलही बघायचा असतो. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याच वयाच्या आणि लिंगाच्या शंभर जणांच्या रांगेत तुमचा नंबर. ७५ वर्षांच्या आजोबांचा स्कोअर ५० असेल तर ते रांगेत बऱ्यापैकी मागे आहेत, चांगलंच आहे. ४५ वर्षांच्या त्यांच्या मुलाचा स्कोअर ५० असेल तर रिपोर्टवर ‘सौम्य’ लिहिलेलं असलं तरी तो रांगेच्या पुढच्या टोकाला उभा आहे. मुलाचा रिपोर्ट जास्त गंभीर.

इथे भारतीयांसाठी एक अडचण आहे. मेसामध्ये गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, भारतीय उपखंडातले नव्हते. त्यावरून केलेल्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आपला रकानाच नाही. ही उणीव भरायला सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या दक्षिण आशियाई लोकांचा मसाला नावाचा अभ्यास उभा राहिला (नाव खरंच तेच आहे). त्यात आपल्याकडच्या पुरुषांचं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांइतकंच आणि बाकी तीन गटांपेक्षा जास्त निघालं. म्हणून कॅल्क्युलेटर वापरायचाच तर पुरुषांनी गोऱ्यांचा रकाना धरणं त्यातल्या त्यात जवळचं.

मग शून्य आला म्हणजे सुटलो?

पंचावन्न-साठीच्या, सिगारेट न ओढणाऱ्या, मधुमेह नसलेल्या माणसाचा शून्य ही खरोखर चांगली बातमी आहे. २०१८च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचना सांगतात की मधल्या जोखमीच्या माणसाचा, म्हणजे ज्याची दहा वर्षांतली अटॅक किंवा पक्षाघाताची जोखीम ७.५ ते २० टक्क्यांच्या मध्ये येते त्याचा स्कोअर शून्य आला, तर स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी तूर्त टाळता येते. पण त्याच वाक्याला तीन अपवाद जोडलेले आहेत: मधुमेह, धूम्रपान, आणि जवळच्या नात्यात कमी वयात झालेला हृदयविकार. हे तीन अपवाद आपल्याकडच्या किती घरांत निघतील, ते तुम्हीच मोजा.

पस्तिशीतल्या माणसाचा शून्य मात्र जवळजवळ काहीच सांगत नाही. डाग पडायला वर्षं लागतात. त्या वयात भिंतीत ओल असली तरी ती सुकलेली नसते. तिशी ते पन्नाशीतल्या अमेरिकी लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात, कोणतेही धोके नसलेल्या पुरुषांत कॅल्शियम सापडण्याची शक्यता चारात एक व्हायला वयाची ४२ वर्षं उजाडली, बायकांमध्ये ५८. मधुमेह असेल तर पुरुषांत ३७ आणि बायकांत ५०. म्हणजे हासनच्या बातम्या वाचून धास्तावलेल्या बत्तिशीच्या पोराने हा स्कॅन केला, तर उत्तर बहुधा शून्यच येणार, आणि ते घेऊन तो निर्धास्तपणे सिगारेट ओढणार. त्या वयात पैसे घालायचेच तर लिपिड प्रोफाइल, साखर, बीपी आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) यावर घालावेत. हे शेवटचं वंशातून येतं, नेहमीच्या लिपिड रिपोर्टमध्ये नसतं, वेगळं मागावं लागतं.

आणि छातीत दुखत असेल, चालताना दम लागून थांबावं लागत असेल, डावा हात किंवा जबडा भरून येत असेल, तर ‘गेल्या महिन्यात स्कोअर शून्य होता’ हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी लागते, तीही लगेच.

शून्याची मुदत असते. साधारण पाच वर्षं धरा, मधुमेह असेल तर तीन.

आकडा मोठा आला, आता अँजिओग्राफी?

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. स्कोअर ४५० आला, घरचे हादरले, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, टेबलावरच ‘७० टक्के ब्लॉक आहे, स्टेंट टाकून घेऊ’. स्कोअर भिंतीतल्या डागांचा आहे, पोकळी किती अरुंद झाली याचा नाही. भिंतीत भरपूर कॅल्शियम असूनही रक्त नीट वाहत असू शकतं, कारण धमनी बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते.

काहीच त्रास नसताना निव्वळ स्कोअरवरून अँजिओग्राफी करायला आधार नाही. स्थिर हृदयविकाराच्या ५१७९ रुग्णांवरचा इस्केमिया नावाचा अभ्यास २०२० साली आला. या लोकांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये बऱ्यापैकी दोष होता. तरीही आधी अँजिओग्राफी आणि मग स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत आणि आधी नुसती औषधं दिलेल्यांत मृत्यू आणि अटॅक यांचा हिशेब जवळपास सारखाच राहिला. अँजायनाचा, म्हणजे छातीत दुखण्याचा त्रास मात्र स्टेंटवाल्यांना कमी झाला. त्रासच नसेल तर कमी काय करणार? ४००च्या पुढे डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सुचवतील, ते रास्त आहे. अटॅक चालू असताना टाकायचा स्टेंट ही पूर्णपणे वेगळी गोष्ट, तिथे वाद नाही.

मोठ्या आकड्यावरचा इलाज कंटाळवाणा आहे. १००च्या वर किंवा ७५ पर्सेंटाइलच्या वर स्टॅटिन सुरू, १ ते ९९मध्ये विशेषतः वय ५५च्या पुढे असेल तर झुकतं माप गोळीकडे. बीपी ताब्यात, तंबाखू बंद, त्यात मिश्रीही आली. अ‍ॅस्पिरिनचा विचार १००च्या पुढे होतो, पण पोटात अल्सर असेल किंवा रक्तस्रावाची भीती असेल तर नाही. ती गोळी आपल्या मनाने चालू करायची नसते.

एका गोष्टीने लोक हमखास दचकतात. दोन वर्षं इमानेइतबारे स्टॅटिन घेतलं, एलडीएल १५०वरून ६०वर आलं, पुन्हा स्कॅन केला आणि स्कोअर वाढलेला. गोळी फेकून देऊ नका. स्टॅटिन ओल सुकवतं. मऊ चरबी आटते आणि तिथला डाग आणखी घट्ट, पांढरा होतो. आकड्यात घनतेचा गुणक असल्यामुळे स्कोअर वर जातो, भिंत मात्र आधीपेक्षा भक्कम झालेली असते. मेसाच्याच माहितीवरून २०१४ साली दिसलं की कॅल्शियमचं आकारमान सारखं असेल तर जास्त घन डागवाल्यांना धोका कमी. म्हणजे अ‍ॅगटस्टनच्या सूत्रातला तो गुणक एका अर्थाने उलट्या दिशेने लावलेला आहे! सूत्र तरीही चालतं, कारण एकूण पसारा जास्त म्हणजे धोका जास्त हे खरंच आहे. व्यवहारात अर्थ एवढाच: गोळी सुरू झाल्यावर स्कॅन पुन्हा करू नका, एलडीएल मोजत राहा.

आकडा खाली आणण्याच्या जाहिराती भरपूर आहेत. सलाइनमधून ‘ब्लॉकेज धुऊन काढणारी’ किलेशन थेरपी त्यात आघाडीवर. मधुमेह असलेल्या आणि आधी अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर तिची नीट चाचणी झाली, २०२४ साली निकाल आला: हृदयाच्या घटना कमी झाल्या नाहीत.

इतकं सोपं आहे तर सगळ्यांचाच स्कॅन का करू नये?

डेन्मार्कने करून पाहिलं. ६५ ते ७४ वयाचे ४६ हजारांहून अधिक पुरुष घेतले, काहींना कॅल्शियम स्कॅनसकट तपासणीचं बोलावणं पाठवलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांहून जास्त काळानंतर बोलावलेल्यांतले १२.६ टक्के वारले होते, न बोलावलेल्यांतले १३.१ टक्के. फरक आहे, पण योगायोगाने इतका पडू शकतो. बोलावलेल्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक आलेच नाहीत, हेही धरायला हवं. तरी सरसकट स्कॅनने प्राण वाचतात असं यावरून म्हणता येत नाही.

किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आपल्याला असाही मिळतो. एकदा करायला हरकत नाही, दरवर्षीच्या पॅकेजमध्ये करायला आहे. शिवाय स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा काही भाग येतोच. तिथे एखादी चार मिलिमीटरची गाठ दिसते, बहुतेकदा निरुपद्रवी, पण मग पुढच्या सीटीची तारीख पडते आणि तोवर घरात सगळ्यांचा घास घशात अडकलेला.

स्कॅनवर पैसे खर्च करण्याआधी कपाट उघडा. २०२०-२१मध्ये कोविडसाठी छातीचा एचआरसीटी केलेल्या लाखो लोकांच्या फिल्म आणि सीडी घरात पडून आहेत. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष फुफ्फुसावर होतं, धमन्या कुणी पाहिल्या नाहीत. गेटिंग नसल्यामुळे त्यावरून अचूक अ‍ॅगटस्टन आकडा निघत नाही, पण अजिबात नाही, थोडं, मध्यम की भरपूर, एवढं जाणकार रेडिओलॉजिस्ट नुसत्या डोळ्यांनी सांगू शकतो. पिशवीवर पेनाने लिहिलेलं नाव पुसट झालं असेल, सीडी चालत असेल तर ती घेऊन जा आणि ‘कोरोनरी कॅल्सिफिकेशन दिसतंय का?’ एवढंच विचारा.